मेंगबाईंकडे पाठ

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, एका आठशे खाटांच्या इस्पितळात, सातव्या मजल्यावर, मेंग ओकजू नावाच्या वरिष्ठ नर्स होत्या. त्या मजल्यावर बाकी जे काही होतं, ते त्यांच्या परवानगीने होतं. वय एकोणपन्नास, नोकरी चोवीस वर्षं, गुडघे दोन्ही गेलेले, आवाज मात्र शाबूत.

इथल्या इस्पितळांत नर्सेस एकमेकींना ‘बाई’ म्हणतात, शाळेतल्यासारखं. शिकवण्याची रीतही शाळेतलीच, फक्त फार जुन्या शाळेतली. नवी मुलगी आली की तिला एका जुन्या बाईच्या ताब्यात द्यायचं आणि जुन्या बाईने तिला जाळायचं. शब्द हाच आहे, जाळणं. पार राख होईपर्यंत. राखेतून नर्स उभी राहिली तर उत्तम. नाही राहिली तर ती कॉफीचं दुकान टाकते. देगूत कॉफीची दुकानं फार आहेत.

मेंगबाईंच्या हाताखाली दोन वर्षांत सहा मुली आल्या. पाच गेल्या. सहावी, प्यन सोदाम, टिकली होती आणि त्याचं श्रेय मेंगबाई कुणालाही वाटून देत नसत.

त्यांची पद्धत सोपी होती. मुलीने विचारलं, “बाई, हे औषध कशातून द्यायचं?” तर उत्तर यायचं, “एवढंही माहीत नाही? कॉलेजात फी कशाची भरलीस, बाकाच्या भाड्याची?” आणि मुलीने न विचारता दिलं, तर, “विचारलं का नाहीस? तोंड काय लिपस्टिक लावायला दिलंय?” ह्या दोन वाक्यांच्या मधे जी बोटभर फट उरते, तिच्यात उभं राहून काम करायला शिकणं म्हणजे प्रशिक्षण. शिवाय ऐकून घेण्याचीही शिस्त होती. बाई बोलू लागल्या की हातातलं काम टाकायचं, त्यांच्याकडे वळायचं, दोन्ही हात पोटावर जुळवायचे, नजर त्यांच्या बिल्ल्याच्या खाली ठेवायची आणि दर वाक्याला म्हणायचं, “हो बाई, चुकलं बाई.” बोलणाऱ्या बाईकडे पाठ असणं हा सातव्या मजल्यावर पेशंट खाटेवरून पाडण्याहून मोठा गुन्हा होता. पेशंट पडला तर निदान उचलता येतो.

ह्या मेंगबाईंना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: प्रशिक्षणप्रमुखाची जागा. जुन्या प्रमुख वसंतात निवृत्त होणार होत्या. ती जागा म्हणजे फक्त दिवसपाळी, आठ ते पाच. स्वतःचं टेबल, टेबलावर नावाची पाटी, फिरती खुर्ची. चोवीस वर्षं तीन पाळ्यांत फिरलेल्या गुडघ्यांना खुर्ची फिरते एवढं कळलं तरी भरून येत होतं. स्पर्धेत शस्त्रक्रिया विभागाच्या योमबाई होत्या. त्यांच्याबद्दल मेंगबाईंचं मत एका ओळीचं होतं: “ती मुलींना ‘प्लीज’ म्हणते.”

तर शरद ऋतूत एके दिवशी नर्सिंग संचालिका क्वाकबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. स्वतःच्या हाताने पाकिटातली कॉफी करून दिली. मेंगबाई लगेच सावध झाल्या. संचालिका हाताने कॉफी करतात तेव्हा एक तर कुणी मेलेलं असतं, नाही तर कुणी मरायचं असतं.

“मेंगबाई, आपण आभासी वॉर्ड आणतोय,” क्वाकबाई म्हणाल्या. “डोळ्यांवर ते डबडं चढवायचं, की समोर अख्खा वॉर्ड. पेशंट, सलाईन, बीपीचं मशीन, सगळं. मुली तिथे हात साफ करतील. चुकल्या तरी कुणी दगावत नाही.”

“म्हणजे कॉम्प्युटरवर सुया टोचायच्या?”

“सुया टोचायच्या, रक्त चढवायचं, सगळं. पण त्या वॉर्डात एक वरिष्ठ नर्स हवी आहे. खरीखुरी वाटणारी.” क्वाकबाईंनी कप खाली ठेवला. “सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं. अगदी एकमताने.”

मेंगबाईंच्या गालांवर चोवीस वर्षांत न आलेली लाली आली. “मी काय, आपली साधी...”

“तुमच्यासारखं तुम्हीच. आणि प्रशिक्षणप्रमुखाची नेमणूक करताना समिती हे लक्षात घेईलच.” असं म्हणून क्वाकबाईंनी सात पानांचं संमतिपत्र पुढे केलं. दोन्ही हातांनी, वर पेन ठेवून.

आता संचालिकेने दोन्ही हातांनी दिलेला कागद तिच्यासमोर बसून वाचणं म्हणजे, बाई, तुमच्यावर माझा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. तेवढा असंस्कृतपणा मेंगबाईंच्या घराण्यात कुणी केला नव्हता. त्यांनी सातही पानांवर सही केली, दोन्ही हातांनी कागद परत दिला आणि कमरेतून वाकल्या. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ‘टाळावयाच्या वर्तनाचे चित्रण’ असे शब्द होते. ते तसेच शांतपणे दप्तरात गेले. क्वाकबाईंना वाटलं, सही केली म्हणजे वाचलं असणार. आणि खरं सांगायचं तर, विचारायला त्यांनाही भीती वाटत होती.

सातव्या मजल्यावर बातमी पोचली तेव्हा मुली थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने टाळ्या वाजवल्या.

“अभिनंदन बाई! तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार हे!”

“आता अख्ख्या देशातल्या मुलींना तुम्ही भेटाल,” दुसरी म्हणाली.

“डोळ्यांसमोरून हलणारच नाहीत बाई,” तिसरी म्हणाली आणि बेडपॅन घेऊन घाईने बाहेर गेली. बाहेर बराच वेळ बेडपॅनचा आवाज येत राहिला, कुणी हसू दाबताना येतो तसा.

सोदाम सलाईनच्या बाटल्या मोजत होती.

ध्वनिमुद्रण सोलजवळच्या एका कंपनीत होतं. मेंगबाईंना अंगाला चिकटणारा काळा पोशाख दिला, त्यावर हालचाली टिपण्यासाठी जागोजागी पांढरे गोळे. आरशात बघून त्या म्हणाल्या, “मला देवी आल्यात का?”

ग्यूवॉन नावाचा पोरगेलासा इंजिनियर तिथला मुख्य होता. तो प्रसंग सांगायचा, आणि मेंगबाईंनी बोलायचं. सुरुवातीला त्यांनी परक्या घरात वागावं तसं वागून पाहिलं. “अगं, जरा नीट बघून कर हं,” त्या म्हणाल्या.

ग्यूवॉनने मान खाजवली. “बाई, आम्ही ऐकलं होतं त्यापेक्षा हे फारच मऊ आहे.”

“काय ऐकलं होतंत?”

“की तुमच्यासारखं शिकवणारं कुणी नाही.”

झालं. मेंगबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला तो तीन तासांनी आवरला. मुलगी सुई दोनदा चुकली? “ती शीर आहे, भुयारी रेल्वेचा नकाशा नाही, शोधत काय बसलीस?” मुलगी म्हणाली पुस्तकात असं आहे? “मग पुस्तकालाच सलाईन लाव.” मुलगी रडली? “रड, रड. तेवढंच पेशंटला पाणी मिळेल.” कुणाची खरडपट्टी, कुणाची बिनपाण्याची हजामत. एकूण चारशे बारा वाक्यं. मधे कंपनीने घशासाठी मधातलं लिंबू आणून दिलं. ग्यूवॉनच्या शेजारी बसलेली मुलगी दोनशेव्या वाक्याला कानांवरचा हेडफोन काढून बाहेर निघून गेली.

“तिला काय झालं?” मेंगबाईंनी विचारलं.

“तिची बहीण नर्स होती, बाई.”

“होती म्हणजे?”

“आता कॉफीचं दुकान आहे.”

“बघ,” मेंगबाई म्हणाल्या, “हल्लीच्या मुलींत जीवच नाही.” ग्यूवॉनने तेही मुद्रित करून घेतलं. चारशे तेरा.

परतीच्या गाडीत त्यांनी भाताच्या किंबापची गुंडाळी खात खात खिडकीतून बाहेर बघितलं आणि हिशेब केला: देशातली सगळी नर्सिंग कॉलेजं, दरवर्षीच्या सगळ्या नव्या मुली, आणि त्या प्रत्येकीच्या कानात आपला आवाज. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

उद्घाटन मार्चमध्ये झालं. सभागृहात इस्पितळाचे अध्यक्ष, मूल्यांकनाला आलेले तीन सरकारी अधिकारी, सगळे विभाग, समोर भिंतभर पडदा. हेडसेट घालणाऱ्याला जे दिसेल तेच पडद्यावर दिसणार होतं. अध्यक्ष स्वभावाने उत्साही आणि कागद न वाचणारे होते. त्यांनी कार्यक्रमपत्रिका बाजूला सारली आणि माइक हातात घेतला. “पहिला मान कुणाचा? ज्यांनी आवाज दिला त्यांचाच! मेंगबाई, या वर!”

क्वाकबाई अर्ध्या उठल्या. “अध्यक्षमहाराज, विभाग एकपासून, इंजेक्शनपासून सुरुवात केली तर...”

“नाही, नाही, ज्यात त्या आहेत तोच लावा.”

अध्यक्ष म्हणाले म्हणजे म्हणाले. क्वाकबाई बसल्या. दुसऱ्या रांगेतल्या योमबाईंनी चष्मा पुसून घातला. ग्यूवॉनने मेंगबाईंच्या डोक्यावर हेडसेट चढवला आणि पुटपुटला, “बाई, तुम्ही ते तिसरं पान वाचलं होतंत ना?”

“बडबड करू नकोस, पट्टा घट्ट कर.”

आणि मेंगबाई वॉर्डात पोचल्या. खरंच वॉर्ड होता. खाटेवर बहात्तर वर्षांचे एक आजोबा, वर टांगलेली रक्ताची पिशवी, नळीतून थेंब थेंब उतरणारं लाल. मेंगबाईंनी हात धुतले. आजोबांना नाव आणि जन्मतारीख विचारली. मनगटावरची पट्टी पिशवीशी ताडून पाहिली. हवेत चाललेले त्यांचे हात इतके सराईत होते की सरकारी अधिकाऱ्यांपैकी एकाने वहीत काहीतरी कौतुकाचं लिहिलं.

मग वॉर्डाचं दार उघडलं आणि त्या स्वतः आत आल्या.

तोच केसांचा चाप, तीच खिशातली तीन पेनं, पावलं टाकायची तीच तऱ्हा, डावा गुडघा जपत. छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं: ‘वरिष्ठ परिचारिका अ’. मेंगबाईंना वाटलं, बरी दिसते की मी. कणा ताठ आहे अजून.

इतक्यात आजोबा कण्हले. “सिस्टर, थंडी वाजतेय. कंबर फार दुखतेय.” मानेवर लाल चट्टे उठायला लागले.

हे मेंगबाईंनी चोवीस वर्षांत अकरा वेळा पाहिलं होतं. रक्त मानवत नाहीये. नळीवरचं चाक फिरवून रक्त बंद करायचं, नळी बदलून साधं सलाईन लावायचं, डॉक्टरला बोलवायचं. त्या क्रमाने, त्याच क्षणी. त्यांचा हात चाकाकडे गेला.

“ए!” मागून आवाज आला. “कुणाला विचारून हात लावतेस?”

मेंगबाईंचा हात थांबला.

“तुला विचारतेय मी. भिंतीशी नाही बोलत. वळ इकडे.”

आणि पाचशे माणसांसमोर, भिंतभर पडद्यावर, मेंग ओकजू वळल्या. त्यांनी वळायचं ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच मिळाला नाही. पाय आपोआप जुळले, दोन्ही हात पोटावर आले, नजर बिल्ल्याखाली गेली. शरीराला वाटलं होतं आपण पंचवीस वर्षांच्या आहोत आणि समोर आपल्याला शिकवणारी ती पहिली बाई आहे, जिने रिकामा ट्रे त्यांच्या पायाशी आपटला होता. शरीराला नंतरची सगळी वर्षं कुणी कळवलीच नव्हती.

“डोकं काय केस बांधायला वाढवलंयस?”

“हो बाई, चुकलं बाई.”

“बोलू नकोस मधे! ... गप्प का बसलीस? तोंड शिवलंय?”

“चुकलं बाई.”

“कॉलेजात फी कशाची भरलीस, बाकाच्या भाड्याची?”

सभागृहात सातव्या मजल्याच्या रांगेत कुणीतरी ते वाक्य ओठांनी बरोबर म्हटलं. पाठीमागे आजोबा थरथरत होते. मेंगबाईंना ऐकू येत होतं. रक्त अजून चालू आहे हे त्यांना माहीत होतं, पुढे काय होणार तेही पाठ होतं, फक्त पाठ फिरवता येत नव्हती. चार मिनिटांनी मशीनने एक लांब, सरळ सूर धरला.

पडद्यावर अक्षरं उमटली.

‘विभाग सहा: वरिष्ठांच्या छळाला तोंड देत रक्त चढवणे. रुग्ण मृत. गुण शंभरपैकी बारा.’

बारा गुण हात धुतल्याचे होते.

मेंगबाईंनी हेडसेट काढला, पडद्याकडे बघितलं, ‘छळ’ हा शब्द वाचला, मग परत वाचला. सभागृहात टाचणी पडली असती तर तिलाही संकोच वाटला असता. शेवटी अध्यक्ष उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

“वा! काय अभिनय! भेदरलेली नवी मुलगी हुबेहूब! छळणाऱ्याही ह्याच, आणि छळलेल्याही ह्याच! ह्याला म्हणतात झोकून देणं!”

अध्यक्ष टाळ्या वाजवतात म्हटल्यावर पाचशे माणसांनी वाजवल्या. सरकारी अधिकाऱ्याने वहीत ‘अत्यंत प्रभावी’ असं लिहिलं. आठवड्याने समितीचं पत्र आलं: प्रशिक्षणप्रमुखपदी मेंग ओकजू यांची निवड. खाली बारीक अक्षरांत एक अट होती. ह्या वेळी मेंगबाईंनी ती वाचली. प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने महिनाअखेरपर्यंत आभासी वॉर्डच्या सर्व विभागांत किमान ऐंशी गुण मिळवणे आवश्यक. अन्यथा पद यादीतील पुढील उमेदवाराकडे जाईल.

“योमबाईंना विभाग सहात चौऱ्याऐंशी पडलेत,” क्वाकबाई पेपरवेटकडे बघत म्हणाल्या. “बाकी सगळे विभाग तुमचे शंभर आहेत. पण तुमच्याच विभागात तुम्ही नापास, हे जरा... बाहेर कसं दिसेल?”

“ते ‘छळ’ असं का लिहिलंय?”

क्वाकबाईंनी पेपरवेट फिरवला. “कंपनीचे शब्द हो ते. तांत्रिक असतात.”

मग मेंगबाई रोज जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावरच्या त्या खोलीत जाऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आभासी मेंगबाईंशी वाद घातला: “मी कोण आहे माहितेय का?” उत्तर आलं, “माहीत असतं तर कामावर घेतलंच नसतं.” वादात आजोबा गेले. एकोणीस गुण. तिसऱ्या दिवशी गयावया केली. बारा. चौथ्या दिवशी कानांत कापूस घातला. तर समोर ओठ हलताना दिसले, आणि तेवढ्यानेही हात पोटावर आले. सव्वीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण चावा मात्र तिसऱ्याला बसत होता. आजोबा रोज मरत होते.

त्यांनी ग्यूवॉनला फोन लावला. “आवाज जरा बारीक करता येतो का?”

“नाही बाई, तो कुलूपबंद आहे. खऱ्या वॉर्डात आवाज बारीक करायचं बटण नसतं, असं तुमच्याच मुलींनी आम्हाला सांगितलं.”

“आणि आज ती काहीतरी नवीनच बोलली. म्हणाली, ‘तुझ्या हाताखाली बरं व्हायला पेशंटला डबल आजारी पडावं लागेल.’ हे मी बोलले नव्हते.”

“नाही बाई. यंत्र आता तुमच्या पद्धतीने स्वतः वाक्यं तयार करतं.”

“चांगलं आहे तसं,” मेंगबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

महिना संपायला तीन दिवस उरले. विभाग सहामध्ये इस्पितळात एकाच व्यक्तीला शंभरपैकी शंभर होते आणि ती सातव्या मजल्यावर सलाईनच्या बाटल्या मोजत होती. मेंगबाई औषधांच्या खोलीत गेल्या, दार लोटलं. सोदामने बाटली खाली ठेवली, वळली, हात पोटावर जुळवले.

“ते राहू दे,” मेंगबाई म्हणाल्या. “एक विचारायचंय. तू तिच्याकडे... म्हणजे माझ्याकडे... पाठ कशी काय फिरवतेस?”

“मला तुमचा आवाज ऐकू येत नाही, बाई.”

“म्हणजे?”

“तिसऱ्या महिन्यातच बंद झाला. तुम्ही सुरू झालात की मी घरी जाताना काय खायचं ते ठरवायला लागते. त्तोकबोक्की, की नूडल्स. तुमचं संपेपर्यंत बहुतेक ठरलेलं असतं. मोठी चूक असली तर गोडाचंही ठरतं.”

“मला वाटायचं तू ऐकतेयस!”

“मान हलत होती ना, बाई.”

मेंगबाई औषधांच्या कपाटाला टेकल्या. गुडघा दुखत होता, असं त्या नंतर स्वतःला सांगणार होत्या. “हा असला प्रसंग सुचला कुणाला पण? वरिष्ठ ओरडतेय आणि मागे पेशंट थरथरतोय. असं कधी होतं का?”

सोदाम बिल्ल्याखाली बघत होती. “मी लिहून दिला, बाई. गेल्या मे महिन्यातला. तीन नंबरच्या आजी. रक्त चालू होतं आणि त्यांना खाज सुटली होती. तुम्ही मला चादरीवरून बोलत होतात. मी दोनदा ‘बाई’ म्हटलं. तुम्ही म्हणालात, मधे बोलू नकोस.”

“मग?”

“मग डॉक्टर राउंडला आले म्हणून वाचल्या. नऊ मिनिटं झाली होती.”

बाहेर कुणाची तरी घंटी वाजत होती आणि कुणीतरी ती बंद करायला धावत गेलं. मेंगबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सातव्या मजल्याच्या इतिहासात ही एक नोंद घ्यावी अशी गोष्ट होती.

“चादरीला सुरकुती होती,” शेवटी त्या म्हणाल्या.

“होती बाई.”

“आजींना नंतर... काही त्रास?”

“नाही. आठव्या दिवशी घरी गेल्या. जाताना तुम्हाला मुळ्याची किमची देऊन गेल्या. तुम्ही मुलींना घासभरही दिली नाहीत.”

मेंगबाईंना ती किमची आठवली. चांगली होती. त्यांनी घसा साफ केला. “उद्या जेवणाच्या सुट्टीत खाली येशील का? मी पट्टा चढवला की तू पडद्यावर बघ आणि सांग कुठे चुकते ते.”

“सांगू?” सोदामने पहिल्यांदा मान वर केली. “खरंच सांगू? मोठ्याने?”

“म्हणजे... बेताने सांग.”

सोदामने बेताने सांगितलं नाही. “बाई, खांदा वळला! खांदा! पाय बघा, पाय जुळले परत! तुम्हाला आजोबा दिसतायत का मी दिसतेय? अहो, ती मेली तरी चालेल, आजोबा मरता कामा नयेत!” दोन दिवसांत सातव्या मजल्याच्या सगळ्या मुली पाळीपाळीने जेवणाचे डबे घेऊन तळमजल्यावर हजर होऊ लागल्या. एवढी हजेरी कुठल्याच प्रशिक्षणाला कधी लागली नव्हती. एकतीस. चव्वेचाळीस. अठ्ठावन्न, त्या वेळी आजोबा वाचले पण नळी बदलायची राहिली.

“काय खायचं ते ठरवा, बाई!” मागून एक जण ओरडली.

“मला भूकच लागत नाहीये!”

शेवटच्या दिवशी दुपारी मेंगबाईंनी पट्टा स्वतःच घट्ट केला. हात धुतले, नाव विचारलं, पट्टी ताडली. दार उघडलं. आजोबा कण्हले.

“ए! कुणाला विचारून हात लावतेस?”

खांदा हलला. मुलींनी घास तोंडातच धरला. पण हात चाकावरून निघाला नाही. मागे चारशे तेरा वाक्यांची आणि त्यांच्या पिल्लांची बरसात सुरू होती, डोकं, फी, लिपस्टिक, भुयारी रेल्वे. त्या बरसातीत मेंगबाईंनी चाक फिरवलं, रक्त थांबलं, नळी बदलली. त्यांचे डोळे मिटलेले होते की काय ते पडद्यावर कळत नव्हतं. डॉक्टरला हाक मारून झाल्यावर त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, “माफ करा बाई, आधी आजोबा.”

रुग्ण स्थिर. गुण शंभरपैकी एक्याऐंशी. गुण कापण्याच्या कारणांत शेवटी लिहिलं होतं: ‘अनावश्यक क्षमायाचना’.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. बेडपॅनवालीने डोळे पुसले. ती म्हणाली, मिरची लागली. “अभिनंदन, प्रमुख बाई,” सोदाम म्हणाली. मग तिने जूनपासून त्या कंपनीत नोकरी मिळाल्याचं सांगितलं. प्रसंग लिहायचं काम. अनुभवी माणसं हवी होती त्यांना.

“तिथे ओरडतात का?” मेंगबाईंनी विचारलं.

“तिथे सगळे हळू बोलतात, बाई. कोण रागावलंय तेच कळत नाही. सवय करावी लागेल.”

टेबल मिळालं, पाटी मिळाली, खुर्ची खरंच फिरत होती. पहिल्या तुकडीत सोळा मुली आल्या. सोळा हेडसेट, सोळा आभासी मेंगबाई आणि मधून चालणाऱ्या एक खऱ्या. एकीचे पाय जुळले, दुसरी हुंदके देऊ लागली, तिसऱ्या ओळीत उंच बांध्याची एक मुलगी मात्र मागे अजिबात न वळता नळी बदलत होती. मेंगबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तिने हातमोजे घातले नव्हते. चोवीस वर्षांचं सगळं एकदम घशाशी आलं.

“ए! हातमोजे कुठायत तुझे?”

मुलीने मागे न बघता डावा हात वर केला, वाहतुकीचा पोलिस करतो तसा. “ओरडू नका, आधी पेशंट!”

शेजारच्या दोघींनी हेडसेट वर केले, खऱ्या मेंगबाईंना बघितलं आणि भीतीने परत खाली केले. मुलीला बिचारीला माहीतच नव्हतं. तिच्या लेखी मेंगबाई एकच होत्या.

मेंगबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. हातातल्या पॅडवर मूल्यमापनाचा कागद होता. सहाव्या रकान्यात छापलं होतं: ‘वरिष्ठाच्या दडपणाकडे दुर्लक्ष करून रुग्णाला प्राधान्य दिले.’ त्यांनी पूर्ण दहा गुण दिले आणि सही केली.

पेन मात्र कागदातून आरपार गेलं.